सौर स्ट्रिंगचे व्होल्टेज आणि इन्व्हर्टरच्या मर्यादा : सिम्युलेशनमधील पडताळणी

एकसर जोडणीने एकापुढे एक जोडलेल्या सौर पॅनेलांच्या माळेला स्ट्रिंग म्हणतात. वर्षातल्या सर्वांत थंड पहाटेपासून सर्वांत तापलेल्या दुपारपर्यंत या माळेचे व्होल्टेज इन्व्हर्टरला, म्हणजे पॅनेलांची डीसी वीज एसीत बदलणाऱ्या यंत्राला, सोसेल आणि उपयोगी पडेल एवढेच राहावे, अशा बेताने पॅनेलांची संख्या ठरवणे हा सौर प्रकल्पाच्या आराखड्यातला पायाभूत निर्णय असतो. तो आज बहुतेक ठिकाणी सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला जातो. जिनिव्हा विद्यापीठात आंद्रे मेर्मू यांनी विकसित केलेले पीव्हीसिस्ट आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत विकसित झालेले सॅम ही त्यांतली प्रसिद्ध साधने आहेत. पायथन भाषेतील पीव्हीलिब या मुक्त संचातूनही हीच गणिते करता येतात.

इन्व्हर्टरच्या डेटाशीटवर, म्हणजे उत्पादकाच्या तपशीलपत्रकावर, व्होल्टेजचे अनेक आकडे असतात आणि त्यांचे महत्त्व सारखे नसते. कमाल इनपुट व्होल्टेज ही सुरक्षिततेची सीमा आहे. ती ओलांडली तर यंत्रातले कपॅसिटर आणि अर्धवाहक स्विच निकामी होऊ शकतात, म्हणून तिथे क्षणभराचीही सवलत नसते. याउलट एमपीपीटीचा पल्ला, म्हणजे ज्या व्होल्टेजांच्या दरम्यान इन्व्हर्टर पॅनेलांचा कमाल शक्तीचा बिंदू शोधत राहतो तो टप्पा, ही कामगिरीची सीमा आहे. तिच्याबाहेर गेल्यास वीज कमी मिळते, पण यंत्र शाबूत राहते. पॅनेललाही स्वतःची कमाल प्रणाली-व्होल्टेजची मर्यादा असते, साधारणपणे १००० किंवा १५०० व्होल्ट. आराखड्यात इन्व्हर्टर आणि पॅनेल यांपैकी जी मर्यादा कमी असेल तीच धरावी लागते.

पॅनेलमधील सिलिकॉनच्या घटाचे (सेलचे) व्होल्टेज तापमान वाढले की घटते आणि थंडीत वाढते. घटावर पडणारा प्रकाश वाढला की विद्युतप्रवाह जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. व्होल्टेज मात्र प्रकाशाशी लॉगॅरिदमच्या नात्याने बांधलेले असल्याने पहाटेच्या कोवळ्या उन्हातही ते बऱ्यापैकी वर पोहोचते. रात्रभर गारठलेल्या पॅनेलवर सूर्याची पहिली किरणे पडतात आणि इन्व्हर्टर अजून भार घेत नसतो, तेव्हा स्ट्रिंगवर ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे प्रवाह वाहत नसतानाचे व्होल्टेज, उभे असते. वरच्या मर्यादेची खरी कसोटी या थंड सकाळीच लागते. डेटाशीटवरचे आकडे मात्र घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस आणि प्रारण (पडणाऱ्या उन्हाची तीव्रता) प्रतिचौरस मीटर १००० वॅट या प्रमाणित परिस्थितीतले असतात.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहणे इष्ट आहे. ५५० वॅटच्या एका नमुनेदार मोनो पर्क (एकस्फटिकी सिलिकॉनच्या) पॅनेलचे ओपन सर्किट व्होल्टेज ४९.९ व्होल्ट, कमाल शक्तीच्या बिंदूचे व्होल्टेज ४१.९ व्होल्ट आणि त्यांचे तापमान गुणांक (तापमान एका अंशाने वाढल्यावर व्होल्टेजमध्ये होणारा बदल) अनुक्रमे दर अंशाला उणे ०.२७ टक्के व उणे ०.३५ टक्के धरू. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा १००० व्होल्ट आणि पूर्ण शक्तीसाठी लागणारे किमान एमपीपीटी व्होल्टेज ६०० आहे असे समजू. नुसत्या डेटाशीटवरून भागाकार केला तर २० पॅनेल बसतात, कारण त्यांचे व्होल्टेज ९९८ भरते. पण शून्य अंशाला प्रत्येक पॅनेल ५३.३ व्होल्टपर्यंत चढते आणि तीच वीस पॅनेलांची माळ १०६५ व्होल्टवर जाते. १९ पॅनेलांचेही १०१२ होतात. शून्य अंशाला सुरक्षित संख्या १८ आहे.

पीव्हीसिस्टमध्ये ही तपासणी प्रकल्पाच्या सेटिंगमधील चार तापमानांवर चालते. मूळ किमती पुढीलप्रमाणे असतात : कमाल व्होल्टेजसाठी उणे १० अंश, हिवाळ्यातील कामकाजासाठी २० अंश, नेहमीच्या कामकाजासाठी ५० अंश आणि उन्हाळ्यातील किमान एमपीपीटी व्होल्टेजसाठी ६० अंश. या किमती युरोपच्या हवामानाला साजेशा आहेत, आणि प्रत्येक प्रकल्पागणिक त्या बदलण्याची सोय सॉफ्टवेअरने दिलेली असूनही पुष्कळ आराखडे त्या जशाच्या तशा ठेवून मंजुरीला जातात. त्याचा परिणाम दोन्ही टोकांना दिसतो. पणजीत पारा १० अंशांखाली जात नाही. १० अंशांना १९ पॅनेलांचे व्होल्टेज ९८७ च्या आसपास राहते, तरी उणे दहाच्या हिशेबाने सॉफ्टवेअर १९ पॅनेल नाकारते. चंद्रपुरात उलट घडते. ६० अंशांच्या गृहीतकावर १७ पॅनेलांचे कार्यव्होल्टेज ६२५ दिसते आणि संख्या मान्य होते, पण मे महिन्यात घटाचे तापमान ७५ अंशांवर गेले की तेच व्होल्टेज ५८८ वर उतरते, म्हणजे ६०० च्या खाली. तिथे १८ पॅनेल घेतली तर ६२२ व्होल्ट मिळतात. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात, किंवा महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या परिसरात जिथे दवाचे हिमकण होतात तिथे, शून्य अंश धरणे वाजवी ठरते. लडाखमध्ये मात्र उणे १० देखील अपुरे पडते.

घटाचे तापमान हवेच्या तापमानापेक्षा किती चढेल हे पॅनेल कशावर बसवले आहे यावर अवलंबून असते, आणि आराखड्यात सर्वाधिक दुर्लक्ष याच बाबीकडे होते. पीव्हीसिस्ट त्यासाठी उष्णता-ऱ्हासाचा गुणांक वापरते : चहूबाजूंनी वारा खेळणाऱ्या मांडणीसाठी २९, तर मागची बाजू पूर्ण बंद असलेल्या मांडणीसाठी १५ वॅट प्रतिचौरस मीटर प्रतिकेल्विन. भर उन्हात पहिल्या मांडणीत घट हवेपेक्षा सुमारे २५ अंशांनी आणि दुसरीत सुमारे ४८ अंशांनी जास्त तापतो. हवा ४५ अंशांवर असेल तर घटाचे तापमान अनुक्रमे ७० आणि ९३ अंशांवर जाते. पत्र्याला अगदी चिकटवून, खाली हवेला वाट न ठेवता बसवलेल्या पॅनेलांची गत दुसऱ्या आकड्याकडे झुकते. ९३ अंशांना आपल्या उदाहरणातील १८ पॅनेलांची माळही ५७५ व्होल्टवर येते, आणि वरच्या मर्यादेमुळे आणखी पॅनेल जोडणे शक्य नसते. अशा वेळी पॅनेल उंचावर बसवून खालून हवा खेळती ठेवणे किंवा खालची मर्यादा कमी असलेला इन्व्हर्टर निवडणे हेच मार्ग उरतात. बूस्ट टप्पा (आलेले डीसी व्होल्टेज वाढवून देणारा भाग) असलेले स्ट्रिंग इन्व्हर्टर बऱ्याच कमी व्होल्टेजवरही चालतात. मोठ्या सेंट्रल इन्व्हर्टरमध्ये हा टप्पा बहुधा नसतो. त्यामुळे डीसी बाजूचे व्होल्टेज एसी बाजूच्या दोन फेजांमधील व्होल्टेजच्या किमान १.४१ पट असावे लागते. ६३० व्होल्ट एसीसाठी ही गरज सुमारे ८९१ व्होल्ट होते.

वरील चार तापमाने फक्त स्ट्रिंगची लांबी ठरवण्यापुरती असतात. वर्षभराच्या प्रत्यक्ष सिम्युलेशनमध्ये त्यांचा वापर होत नाही. सिम्युलेशन दर तासाच्या हवामान नोंदींवरून घटाचे तापमान काढते आणि कार्यबिंदू एमपीपीटीच्या पल्ल्याबाहेर गेला तर तो सीमेवर रोखून धरते. त्यातून वाया जाणारी वीज वार्षिक ऱ्हासाच्या आकृतीत व्होल्टेजच्या वरच्या आणि खालच्या मर्यादेच्या ओळींत वेगवेगळी दिसते. खालच्या टोकाचा निर्णय या ओळींवरून अधिक चांगला घेता येतो, कारण वर्षातले मोजके तास थोडी वीज गमावणे परवडू शकते. वरच्या टोकासाठी मात्र ही आकृती पुरावा मानू नये. सिम्युलेशनसाठी घेतलेल्या नमुना वर्षाच्या हवामान नोंदी तासाची सरासरी असतात आणि वीस-तीस वर्षांतली सर्वांत थंड सकाळ त्यांत असेलच असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत कलम ६९०.७ नुसार कमाल व्होल्टेज त्या ठिकाणच्या अपेक्षित किमान तापमानावरून काढावे लागते, आणि त्यासाठी अनेक वर्षांच्या वार्षिक नीचांकांची सरासरी वापरण्याची पद्धत रूढ आहे. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने दीर्घकालीन नोंदींवर ओपन सर्किट व्होल्टेजचेच तासागणिक सिम्युलेशन करण्याची रीत मांडली. किमान तापमान आणि पूर्ण प्रारण एकाच वेळी सहसा येत नाहीत, हे ती हिशेबात घेते. त्यामुळे काही ठिकाणी स्ट्रिंगमध्ये आणखी एखादे पॅनेल बसू शकते.

सॉफ्टवेअरमधील पॅनेलच्या फाइलचीही एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एक-डायोड प्रतिमानातून (सॉफ्टवेअर घटाचे वर्तन ज्या गणिती नमुन्याने मांडते त्यातून) निघणारा तापमान गुणांक आणि उत्पादकाने दिलेला गुणांक तंतोतंत जुळत नाहीत, आणि मर्यादेच्या अगदी कडेला असलेल्या माळेत एवढ्या फरकानेही निकाल बदलतो. एकाच एमपीपीटीवर समांतर जोडलेल्या सर्व स्ट्रिंगांत पॅनेलांची संख्या सारखी लागते. झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडून बायपास डायोड (सावलीतल्या घटांना वगळून प्रवाहाला वाट देणारा घटक) चालू झाला, तर त्या पॅनेलचे सुमारे एकतृतीयांश व्होल्टेज गळते. सावलीच्या जागी खालच्या मर्यादेला टेकलेली माळ ठेवली, तर अशा प्रत्येक गळतीबरोबर ती पल्ल्याबाहेर जाते.