मांडलिक की सार्वभौम? यादवांचा शिलालेख वाचताना

नाशिककडे अंजनेरी, सिन्नर, चांदवड फिरताना ‘यादवांचं राज्य’ हे शब्द सगळीकडे कानी पडतात. त्यात दोन वेगळ्या अवस्था मिसळलेल्या असतात. सेउणदेशाचे, म्हणजे नाशिक-खानदेश भागातले यादव बराच काळ कल्याणीच्या (कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण) चालुक्यांचे मांडलिक होते. ११८७ च्या सुमारास यादव राजा पाचव्या भिल्लमानं चालुक्य सम्राट चौथ्या सोमेश्वराचं वर्चस्व झुगारलं, तेव्हा ते सार्वभौम झाले.

कोरीव लेख (शिलालेख किंवा ताम्रपट) हाती आला की आधी बघावं, सुरुवात कुणाच्या नावानं होते. कल्याणीच्या अमलातल्या लेखांचा साचा ठरलेला असे: आधी सम्राटाची बिरुदं, मग त्याचं ‘विजयराज्य’, आणि त्यानंतर ‘तत्पादपद्मोपजीवी’ म्हणजे त्याच्या चरणकमलांवर जगणारा अमुक. हा शब्द आला की वाद संपला. सम्राटाचं नाव नसेल, तर मात्र लगेच स्वातंत्र्याचा निवाडा देऊ नये. तिथे पदवी बोलते.

‘समधिगतपंचमहाशब्द’ ऐकायला भारदस्त आहे. शृंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा ही पाच वाद्यं वाजवायचा तो मान. पण ‘समधिगत’ म्हणजे मिळालेला. देणारा कुणीतरी वर आहे. सामंत, महासामंत, महामंडलेश्वर या पदव्याही त्याच बाजूच्या. ‘महाराजाधिराज’, ‘परमेश्वर’, ‘चक्रवर्ती’ ही सार्वभौमाची भाषा.

सगळ्यात फसवं बिरुद ‘द्वारवतीपुरवराधीश्वर’, म्हणजे द्वारका नगरीचा स्वामी. सेउणदेशाच्या यादवांची द्वारकेवर कधीच सत्ता नव्हती. हा कृष्णाच्या कुळाचा दावा आहे आणि कर्नाटकातलं होयसळ घराणंही तो करत असे. त्यावरून दर्जा ठरवूच नये.

अंजनेरीच्या जैन मंदिरातला शके १०६३ चा लेख (इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा, म्हणजे ११४१ च्या सुमारास; चैत्राआधीच्या जानेवारी-मार्चसाठी ७९) यासाठी मोलाचा आहे. त्यातला सेउणदेव स्वतःला महासामंतच म्हणवतो. तो मुख्य गादीचा की धाकट्या शाखेचा, यावर मतभेद आहेत, पदवीवर नाहीत.

खरा घोळ हेमाद्रीच्या राजप्रशस्तीनं, म्हणजे यादव राजांच्या स्तुतिकाव्यानं होतो. तिच्यात यादव सेउणचंद्रानं (अंजनेरीचा सेउणदेव वेगळा) चालुक्य परमर्दीदेवाला, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याला, कल्याणीच्या गादीवर बसवलं असं येतं. मदत झालीही असेल. पण हेमाद्री तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीच्या दरबारी होता, घराणं सार्वभौम झाल्यानंतरचा. शिवाय गादीवर बसवणारा बलाढ्य सरदारसुद्धा मांडलिकच राहू शकतो. म्हणून प्रशस्ती आणि शिलालेख यांत विसंगती दिसली, तर त्या काळी कोरलेला दगड आधी मानावा.