मेंदूतल्या रक्तस्रावानंतर गप्प बसलेला माणूस: नैराश्य की ॲपथी?

मेंदूतल्या रक्तस्रावातून माणूस वाचतो, हातपाय चालू लागतात, बोलणंही बऱ्यापैकी परत येतं. मग काही महिन्यांनी घरच्यांना जाणवतं की हे दिवसभर एकाच खुर्चीत बसून असतात. फोन वाजला तरी उचलत नाहीत, कुणी भेटायला आलं काय आणि न आलं काय, सारखंच. कुणी म्हणतं मनाला लागलंय, कुणी म्हणतं आळशी झालेत. आळसाचा शिक्का तर सरळ अन्यायाचा आहे. आणि ‘मनाला लागलंय’ म्हणजे नैराश्य असेल, तर तेही दरवेळी खरं नसतं. दुसरी शक्यता ॲपथीची असते, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे काही करायची ऊर्मीच न उरण्याची.

नैराश्यात माणूस आतून दुःखी असतो. ‘मी तुमच्यावर ओझं झालोय’, ‘वाचलो तेच चुकलं’ असं बोलतो. झोप आणि भूक बिघडते, अपराधी वाटतं, पुढचं सगळं अंधारं दिसतं. ॲपथीत यातलं फारसं काही नसतं. कसं वाटतंय विचारलं तर ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. त्रास होतो तो बघणाऱ्यांना. म्हणूनच तपासणीला रुग्णाबरोबर त्याला रोज बघणारं कुणीतरी असावं. नुसत्या रुग्णाच्या उत्तरांवरून ॲपथी सहज निसटते.

ती येते कुठून? एखादं काम स्वतःहून सुरू करायला कपाळामागचा फ्रॉन्टल लोब आणि मेंदूच्या खोल भागातले बेसल गँग्लिया, थॅलॅमस यांची साखळी लागते. रक्तदाबामुळे होणारा रक्तस्राव बऱ्याचदा नेमका या खोल भागात होतो. मेंदूच्या पुढच्या बाजूच्या धमनीवरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटला तर फ्रॉन्टल लोबच्या आतल्या बाजूला इजा होऊ शकते. विचार शाबूत, हालचाल शाबूत, फक्त स्टार्टर बिघडलेला.

घरी ओळखायची एक बऱ्यापैकी खूण आहे: सुरुवात तुम्ही करून द्या आणि बघा. चप्पल समोर ठेवून ‘चला’ म्हटलं की ॲपथी असलेला माणूस बहुधा येतो, चालतो, गप्पांतही भाग घेतो. फक्त उद्या पुन्हा आपणहून निघणार नाही. नैराश्यातला माणूस नको म्हणतो, किंवा आला तरी त्याचं मन कशात रमत नाही. अर्थात ही खूण म्हणजे निदान नव्हे, कारण दोन्ही एकत्रही असू शकतात. रडण्यावरूनही फसगत होते. मेंदूच्या इजेनंतर काहींना दुःख नसतानाही अचानक रडू किंवा हसू फुटतं आणि आवरत नाही. तो प्रकार आणखी वेगळा.

हा फरक उपचारासाठी महत्त्वाचा आहे. नैराश्यावर समुपदेशन आणि औषधं दोन्हींचा उपयोग होतो. मात्र नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढू शकतो, त्यामुळे आधी मेंदूत रक्तस्राव झाला होता हे मानसोपचारतज्ज्ञांना सांगायलाच हवं. याच गोळ्यांनी काहींच्या भावना बोथट होतात, म्हणजे ॲपथी असेल तर ती वाढायचीही भीती. ॲपथीवर खात्रीचं औषध अजून नाही. तिथे ठरलेली वेळ, मोबाइलचा गजर, कामाचे छोटे तुकडे आणि पहिलं पाऊल टाकून देणारा माणूस यांवर भिस्त असते. ‘इच्छा झाली की उठा’ म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण बिघाड तिथेच आहे.

मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि हा मंदपणा हळूहळू वाढत असेल, पाय फरपटत पडत असतील, लघवीवरचा ताबा जात असेल, तर नैराश्य आणि ॲपथीचा वाद बाजूला ठेवून मेंदूचा स्कॅन करून घ्या. रक्तस्रावानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही मेंदूत पाणी साठू शकतं, आणि शंट, म्हणजे ते पाणी मेंदूतून बाहेर वळवणारी बारीक नळी, बसवून त्यावर उपचार करता येतात.