दारूबंदीच्या कायद्याखाली दारू पिणारं राज्य: महाराष्ट्रातल्या व्यसनांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायची तर कायद्याने परवाना लागतो. देशीसाठी एक दिवसाचा परवाना दोन रुपयांना, विदेशीसाठी पाच रुपयांना. रोज कुठे कागद करायचा असं वाटणाऱ्यांसाठी आजीवन परवानाही आहे. परमिट रूममध्ये बसणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांच्या खिशात हा कागद नसतो. दुकानदाराकडे परवान्यांची पुस्तकं असतात आणि हिशेब जुळवायला ती नंतर सवडीने भरली जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘परमिट रूम’ या नावातलं ‘परमिट’ कुठून आलं, हे विचारण्याइतका शुद्धीवर तिथे सहसा कोणी नसतो.

तो शब्द आला १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातून. तो कायदा आजही लागू आहे, फक्त नावातली ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं. १९६० साली द्विभाषिक राज्य फुटलं तेव्हा हाच कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. गुजरातने तो बंदीचा कायदा म्हणून ठेवला, आपण त्यातूनच परवान्यांची वाट काढली. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या महाराष्ट्र दारूबंदीचं राज्य आहे आणि इथला प्रत्येक पिणारा अपवाद आहे. इथल्या पिण्या-खाण्याच्या सवयींची चर्चा बहुतेक वेळा संस्कार, संगत आणि मनोनिग्रह यांच्याभोवती फिरते. पण मागे जाऊन पाहिलं तर कोणी काय प्यावं आणि काय तोंडात धरावं हे बऱ्याचदा सरकारी कर, शेतातलं पीक आणि कामाची पाळी यांनीच ठरवलेलं दिसतं.

कोकणात माड होता, उत्तर कोकणात ताड आणि शिंदी, डोंगरात आणि पूर्व विदर्भात मोह. भंडारी पहाटे माडावर चढून मडकं उतरवायचा. ती माडी दिवस वर येईल तशी आंबत जायची आणि संध्याकाळपर्यंत चढायची. मोहाचं फूल तर आधी अन्न, मग दारू. उन्हाळ्यात धान्य संपत आलं की वारली, कातकरी, गोंड घरांत वाळवलेली फुलं शिजायची. लग्नात, देवाला, मयताला दारू लागे, पण ती घरची असे. तिचा पैसा गावाबाहेर जात नसे.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने नेमकं हेच मोडलं. ताडी-माडी काढायची तर झाडागणिक कर, आणि ज्या झाडावर कर त्याच्यावर खूण. घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू गाळायची ती ठेकेदाराच्या मध्यवर्ती भट्टीत, आणि ठाणे-कुलाब्याकडची (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांमधून येऊ लागली. या करांनी भंडारी आणि आगरी इतके संतापले की १८८० च्या दशकात गावंच्या गावं ‘आम्ही पिणारच नाही’ अशा शपथा घेऊन बसली. महसूल बुडवण्यासाठी दारू सोडायची, हा बहिष्कार गांधींच्या कितीतरी आधीचा. पुढे १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच स्वतंत्र कायदा आला आणि ठाणे-कुलाबा भागात फुलं गोळा करून घरात ठेवण्यावर बंधनं आली. ज्याच्या अंगणात झाड, त्यालाच फूल वेचायची चोरी! महसूल खात्याच्या कागदात याला ‘अवैध गाळपाला आळा’ म्हटलेलं असणार. पाड्यावर त्याचा अर्थ एवढाच की पिणं थांबलं नाही, फक्त त्यासाठी आता रोकड लागू लागली, आणि रोकडीसाठी दुकानदाराकडे उधारी.

दारूविरोधाचं राजकारण याच काळात उभं राहिलं. पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध पालिकेला पत्र लिहिलं. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात गुत्त्यांसमोर निरोधन केलं, म्हणजे गिऱ्हाइकांना दारात अडवलं. दोघांची भूमिका निराळी, पण एक गोष्ट दोघांनाही दिसत होती: दारूचा गुत्ता ही सरकारची तिजोरी आहे.

ही तिजोरी काँग्रेसच्या हातात आली आणि अडचण सुरू झाली. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अबकारी आणि आरोग्य ही दोन्ही खाती डॉ. गिल्डर यांच्याकडे होती, म्हणजे रोग आणि त्याचं उत्पन्न एकाच टेबलावर. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली आणि बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या घरमालकांवर मालमत्ता कर बसला. पारशी समाज जोरात विरोधात गेला, कारण त्यातल्या अनेकांचा धंदाच दारूचा होता. पण महायुद्धावरून मंत्रिमंडळाने काही महिन्यांतच राजीनामा दिला आणि तो प्रयोग विरला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी तो पुन्हा हाती घेतला, या वेळी सगळ्या राज्यासाठी, आणि एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी आली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः उचलून धरला, पण औषधांमधल्या आणि प्रसाधनांमधल्या मद्यार्कावरची बंदी काढून टाकली. ज्याला पिण्याशिवाय राहवत नाही त्याच्यासाठी आरोग्याच्या कारणावरचा परवाना होताच. मद्यपरवान्यावर ‘आरोग्य राखण्यासाठी’ असं लिहिलेलं पाहून आज हसू येतं, पण ते त्या काळाचं उरलेलं शेपूट आहे.

बंदीच्या तेरा-चौदा वर्षांनी मुंबईला जी दारू दिली ती म्हणजे हातभट्टी. काळा गूळ, नवसागर, कुजकी फळं, पत्र्याचा डबा आणि खाडीलगतची दलदल, जिथे पोलिसांची गाडी जात नाही. माल शहरात यायचा तो गाडीच्या टायरच्या रबरी ट्यूबमधून. ट्यूब कमरेला, खांद्याला गुंडाळायची, वरून सदरा. पहिल्या धारेची महाग, पुढची पाणी मिसळून स्वस्त. वांद्रे, माझगाव, धोबीतलाव भागात ख्रिस्ती बायकांनी आपल्या बैठकीच्या खोलीत दोन बाकडी टाकून अड्डे चालवले. ‘आंटीकडे जाऊन येतो’ हे वाक्य मुंबईच्या बोलीत तेव्हाच शिरलं. नवरा गेलेल्या किंवा नवऱ्याची नोकरी गेलेल्या कित्येक बाईंनी मुलांच्या फिया यातूनच भरल्या. आणि याच धंद्यातून वरदराजन मुदलियारसारखी माणसं मोठी झाली. मुंबईच्या संघटित गुन्हेगारीचं पहिलं भांडवल दारूबंदीने पुरवलं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होत नाही.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाल्यावर १९६४ च्या सुमारास दोर ढिला पडू लागला. आधी बिअर आणि ताडी, मग परवान्यांच्या अटी सैल, आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची दुकानं गावोगाव आली. याला तत्त्वचिंतन कारण नव्हतं. कारण होतं ऊस. प्रवरानगरला १९५० साली पहिला सहकारी कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा धुराड्यांनी भरला. साखरेमागे मळी येतेच. एक टन मळीतून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो, आणि टाकीत साठवून ठेवली तर मळी नुसती डोकेदुखी. त्यामुळे कारखान्याला मद्यार्क गाळणारी आसवनी जोडली गेली, आसवनीला देशी दारूचा कारखाना, आणि त्याला संत्रा, मोसंबीच्या वासाच्या नव्वद-एकशेऐंशी मिलीच्या बाटल्या. ज्या शेतकऱ्याने ऊस घातला त्याच्याच शेतावर राबणाऱ्या तोडणी मजुराच्या उचलीतून ती नव्वदी विकत घेतली जाते, हे चक्र इतकं सरळ आहे की त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. याच काळात शासनाचा अबकारी महसूल वाढत गेला आणि दारूबंदीचं खातं ‘राज्य उत्पादन शुल्क विभाग’ झालं.

स्वस्त देशी असूनही हातभट्टी गेली नाही, कारण ती त्याहून स्वस्त राहिली. डिसेंबर २००४ मध्ये मुंबईत विक्रोळीला, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने माणसं मेली; मालवणीत तर शंभरावर. दोन्हीकडे मरणारे रोजंदारीवाले.

राज्याच्या पूर्व टोकाला वेगळीच गोष्ट घडली. सेवाग्राम-पवनारमुळे वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून बंदी होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासोबत गावोगावच्या बायकांनी सहा वर्षं लावून धरली तेव्हा १९९३ ला बंदी आली. चंद्रपूरच्या बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधानभवनापर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. कारण काय दिलं? अवैध दारू वाढली. ते खोटं नव्हतं, पण त्याच मोजपट्टीने मोजलं तर चोऱ्या होतात म्हणून चोरीचा कायदाही उठवता येईल. माझं मत असं की मुंबईची १९५० ची बंदी आणि गडचिरोलीची १९९३ ची बंदी एकाच शब्दाखाली बसवणं चूक आहे. पहिली मंत्रालयातून खाली आली, दुसरी माजघरातून वर गेली.

‘बाटली आडवी’ करण्याचा नियमही याच रेट्यातून आला. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली, आडवी बाटली. झालेल्या मतदानाच्या नाही, एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. इतक्या कडक अटीवर आपले आमदार निवडायचे ठरवले तर विधानसभेचे अर्धे बाक रिकामे राहतील.

नशेच्या इतर पदार्थांचं थोडक्यात. गांजा ही सरकारमान्य वस्तू होती. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाच्या काळात मुंबई इलाख्यात नगर जिल्हा हे गांजाच्या लागवडीचं मोठं ठिकाण होतं. माळव्याची अफू, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातली, मुंबई बंदरातून चीनला जायची आणि शहरातल्या कित्येक वाड्यांचा पाया तिच्या पैशावर उभा आहे. गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्याला ‘बाळागोळी’ देऊन निजवत, त्या गोळीत अफूच असे. १९८० च्या दशकात गर्द, म्हणजे हेरॉइनची भुकटी, आलं, १९८५ ला अमली पदार्थांचा कडक कायदा आला आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ज्याला पु. ल. आणि सुनीताबाईंची देणगी होती. आता ‘एमडी’चा, म्हणजे मेफेड्रोनचा, काळ आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावरच छापा घातला.

आकड्यांनी पाहिलं तर मात्र महाराष्ट्राचं मुख्य व्यसन दारू नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दारू पिणारे पुरुष १३.९ टक्के आणि बायका ०.४ टक्के. त्याच पाहणीत तंबाखूवाले पुरुष ३३.८ आणि बायका १०.९ टक्के. आणि त्यातही सिगारेट-बिडी फारच थोडी: २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर खाणारे, चोळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. आपण धुराचं नाही, थुंकीचं राज्य आहोत.

तंबाखू आली पोर्तुगीजांबरोबर. अकबराच्या दरबारात ती पहिल्यांदा पोचली तीसुद्धा दख्खनमधून, विजापूरहून परतलेल्या त्याच्या दूताच्या, असद बेगच्या सामानातून, १६०४-०५ च्या सुमारास. पुढे निपाणी, जयसिंगपूर, सांगली हा पट्टा तंबाखूचा झाला; १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी रस्ता रोखला तेव्हा गोळीबारात शेतकरी मेले. सिन्नर, सोलापूर, भंडारा-गोंदियात बिड्या वळल्या गेल्या, वळणाऱ्या बहुतेक बायका. पण ओढण्यापेक्षा खाणं का वाढलं? एक कारण गिरणी. कापसाच्या फुफाट्यात काडी ओढायची मुभा नाही, आणि आठ तासांच्या पाळीत भूक मारायला काहीतरी लागतंच. चुना लावून मळलेली चिमूट दाढेत धरली की दोन्ही हात साच्यावर मोकळे. शेतात औत धरणाऱ्याचंही तेच.

बायकांची तंबाखू म्हणजे मिश्री, आणि ती घरात बनते. चुलीवर तवा तापवायचा, त्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजायची. त्या वासाने शेजारच्या घरातलं पोर खोकायला लागतं. मग चुरून, वस्त्रगाळ करून डबीत. पहाटे परसाकडे जाण्याआधी एकदा, दुपारी भाकरी झाल्यावर एकदा, आणि मग दिवसभर ‘जरा दात घासते’. सासरी धड दोन घास बसून खायला न मिळणाऱ्या बाईला तोंडात बोट घालून दारात पाच मिनिटं बसायचा हा एकमेव परवाना होता. डॉक्टरने ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर ती प्रामाणिकपणे नाही म्हणते, कारण तिच्या लेखी ती खात नाही, दात घासते.

गुटखा याच सवयीवर पुडीतून स्वार झाला. २००२ मध्ये राज्याने पाच वर्षांसाठी बंदी घातली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन ती पुन्हा आली आणि पुढे सुगंधी तंबाखू-सुपारीलाही लागू झाली. २००९-१० मध्ये ३१.४ टक्क्यांवर असलेलं एकूण तंबाखूसेवन २०१६-१७ पर्यंत २६.६ वर आलं. त्यात बंदीचा वाटा किती आणि कर्करोगाची भीती किती, हे वेगळं काढणं अवघड. या कायद्याखाली बंदीचा आदेश एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून दरवर्षी तो नव्याने निघतो. नगरकडे तोवर तंबाखू-सुपारीच्या माव्याच्या पुड्या बांधल्या जातात, आणि नागपूर-चंद्रपूरकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून खर्रा घोटला जातो. गिऱ्हाईक समोर उभं राहून बघत असतं, ‘चुना कमी’ एवढंच सांगतं.