विन्स कार्टरचा तो कोपरवाला डंक, आणि त्याआधीचं सगळं

एनबीए (अमेरिकेतली सर्वात मोठी बास्केटबॉल लीग) मधल्या विन्स कार्टरचे डंक, म्हणजे उडी मारून बॉल वरून थेट रिंगमध्ये घालणं, रील्समध्ये बहुतेकांनी पाहिलेले असतात, पण २००० सालच्या डंक स्पर्धेच्या त्या एका रात्रीचं लोक अजून एवढं का काढतात हे कळायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९६७ ते १९७६ डंकवर चक्क बंदी होती! ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढे ज्याने करीम अब्दुल-जब्बार हे नाव घेतलं तो, कोणाला आवरत नव्हता म्हणून नियम आणला असं आजही बोललं जातं. १९७६ लाच डेन्व्हरमध्ये एबीए या एनबीएच्या प्रतिस्पर्धी लीगने डंकची स्पर्धा घेतली आणि ज्युलियस अर्व्हिंगने फ्री थ्रो लाइनवरून (रिंगसमोर बऱ्याच अंतरावरची रेषा) उडी मारून ती जिंकली. मग १९८४ पासून एनबीएने दरवर्षी स्पर्धा सुरू केली, १९८८ ला शिकागोत मायकेल जॉर्डन विरुद्ध डॉमिनिक विल्किन्स झालं, तो कळस. नंतर मोठे स्टार यायचे बंद झाले, तेच तेच डंक बघून लोक कंटाळले, १९९८ ला स्पर्धाच काढून टाकली आणि १९९९ ला लॉकआउटमुळे (टीम मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद) ऑल स्टार गेमच, म्हणजे स्टार खेळाडूंची जी मॅच असते आणि जिच्यासोबत ही स्पर्धा व्हायची तीच, झाली नाही. थोडक्यात, प्रकरण संपल्यात जमा होतं.

कार्टर एनबीएत आला तो नेमका या काळात. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) त्याला गोल्डन स्टेट या टीमने पाचव्या नंबरवर घेतलं आणि लगेच टोरंटोच्या टीमला देऊन टाकलं, बदल्यात त्याचाच कॉलेजमधला जोडीदार अँटवान जेमिसन घेतला. आणि गंमत बघा, १२ फेब्रुवारी २००० ला डंक स्पर्धा परत भरली ती ओकलंडला, गोल्डन स्टेटच्याच कोर्टवर :)

कार्टरचा पहिलाच डंक ३६० चा, म्हणजे हवेत पूर्ण गिरकी घेऊन, तोही उलट्या बाजूने फिरून, हात पवनचक्कीसारखा फिरवत. पुढे ट्रेसी मॅकग्रेडीने (लांबचा भाऊ लागतो त्याचा, टीममेट पण होता आणि स्वतः स्पर्धेत पण होता) बॉल टप्पा देऊन टाकला, तो याने हवेतच पकडून पायांमधून काढला आणि मारला. पण माझ्या मते खरा डंक फायनलमधला, उडी मारून अख्खा हात कोपरापर्यंत रिंगमध्ये घातला आणि तसाच लटकून राहिला. रिंग जमिनीपासून १० फुटांवर असते हे लक्षात घ्या. काही क्षण पब्लिक गप्पच, काय झालं तेच कळेना.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरला सिडनी ऑलिंपिकमध्ये तो फ्रान्सच्या ७ फूट २ इंच फ्रेडरिक वाइसच्या डोक्यावरून गेला, आणि ही स्पर्धा नव्हे, चालू मॅच! फ्रेंच लोक त्याला 'मरणाचा डंक' म्हणायला लागले. बिचाऱ्या वाइसला न्यूयॉर्क निक्सने आदल्या वर्षी ड्राफ्ट केलेलं, पण तो एनबीएत कधी खेळलाच नाही.

टोरंटोची टीम तर १९९५ ची, अगदीच नवी, तिला जगभर ओळख मिळाली ती याच्यामुळे. म्हणूनच डिसेंबर २००४ मध्ये तो न्यू जर्सीच्या टीमकडे गेल्यावर टोरंटोचे लोक एवढे चिडले, पुढे कितीतरी वर्षं टोरंटोत त्याच्या हातात बॉल आला की हुर्यो सुरू. नोव्हेंबर २०१४ मध्ये मेम्फिसकडून खेळायला आला तेव्हा टोरंटोने त्याच्या जुन्या खेळाचा व्हिडिओ लावला, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले आणि हा रडत होता. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १५ नंबरची जर्सी तिथे छताला लागली, टोरंटोने रिटायर केलेली (म्हणजे तो नंबर आता दुसऱ्या कोणाला देत नाहीत) पहिलीच.