सरावाच्या टेकडीमागे काय आहे

हँग ग्लायडिंग, म्हणजे इंजिनाशिवाय मोठ्या पंखाखाली टांगून उडणं, शिकायला आलेल्याचे पहिले दिवस बहुतेक जमिनीवरच जातात. पंख खांद्यावर घेऊन मैदानात धावायचं, थांबायचं, पुन्हा धावायचं. मग बुटक्या टेकडीचा थोडासा उतार. उंचावरून झेपावण्याच्या ओढीने आलेल्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं. पण या प्रत्येक पायरीमागे कुणाचं तरी पडणं आहे, आणि ते माहीत असलं की त्या धावण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

सरावाची टेकडी ही कल्पना ओटो लिलिएन्थाल या जर्मन उड्डाणवीराची. 1894 मध्ये त्याने बर्लिनजवळ सुमारे 15 मीटर उंचीचा शंकूसारखा ढिगारा उभारला. वारा कुठूनही येवो, त्याच्याकडे तोंड करून धावता यावं, एवढाच हेतू. 1891 पासून त्याने सुमारे दोन हजार उड्डाणं केली. मात्र त्याच्या ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या पंखात, हात आणि खांदे चौकटीत अडकलेले असत. तोल सावरायला कंबरेखालचं शरीर हलवणं एवढंच हाती होतं. ऑगस्ट 1896 मध्ये राइनोव टेकड्यांवर उडताना ग्लायडरचं नाक वर गेलं, वेग संपला आणि तो कोसळला. मणका मोडला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

नंतर इंजिनाची विमानं आली आणि पायांनी धावत उडणं जवळजवळ विस्मरणात गेलं. ते परत आलं एका वेगळ्याच वाटेने. अमेरिकेतले अभियंते फ्रान्सिस रोगालो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी 1948 मध्ये घरच्या पडद्याचं कापड वापरून एक लवचिक पंख बनवला. त्याला ताठ सांगाडा नव्हता, हवेच्या दाबानेच तो आकार धरायचा. पुढे नासाने जेमिनी हे अंतराळयान जमिनीवर उतरवण्यासाठी त्याच्या चाचण्या घेतल्या, पण अखेर पॅराशूटच निवडलं. यानाला पंख मिळाला नाही, तरी त्याची छायाचित्रं मासिकांतून जगभर गेली.

त्यातलं एक ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टनच्या जॉन डिकन्सनने पाहिलं. नदीवर बोटीमागून ओढत उडवायचा पंख त्याला हवा होता. 1963 मध्ये त्याने तो बनवला. पहिल्या पंखाला कापड म्हणून केळीचे घड झाकायचं प्लास्टिक लावलं होतं. त्याची खरी देणगी पंखाखालची त्रिकोणी चौकट. माणूस झोक्यासारखा एकाच बिंदूला टांगलेला, हातात आडवा बार. बार ढकलला की अख्खं शरीर सरकतं आणि पंख वळतो. लिलिएन्थालला जे मिळालं नाही ते हेच. माझ्या मते आजच्या हँग ग्लायडिंगची सुरुवात इथूनच धरायला हवी. बिल मोयेस आणि बिल बेनेट यांनी हा पंख देशोदेशी नेला.

1970 नंतर लाटच आली. कॅलिफोर्नियात तरुण मंडळी बांबू आणि प्लास्टिकचे पंख बांधून वाळूच्या टेकड्यांवरून उड्या घेऊ लागली. शिकवणारं कुणी नव्हतं. 'पडलात तर सोसेल तेवढंच उंच उडा', हाच काय तो नियम. टेकड्या उंच होत गेल्या आणि माणसं मरू लागली. सुरुवातीच्या पंखात एक घातक खोट होती. नाक फार खाली गेलं की कापडातली हवा जायची, ते नुसतं फडफडायचं, आणि बार कितीही पुढे ढकलला तरी पंख खाली मारलेल्या त्या सुरातून बाहेर येत नसे. उपाय निघाला तो पंखाची मागची कड दोऱ्यांनी किंचित वर उचलून धरण्याचा, म्हणजे नाक आपोआप वर येतं. नवं मॉडेल गाडीवर बसवून वेगात पळवायचं आणि त्यावरची बलं मोजायची, ही पद्धतही तेव्हाचीच. राखीव पॅराशूट, प्रशिक्षक आणि टप्प्याटप्प्याचे परवानेही त्याच दशकात आले.

मायक्रोलाइट, म्हणजे छोट्या इंजिनाचं अगदी हलकं विमान, हे हँग ग्लायडरचं धाकटं भावंड. 1975 मध्ये जॉन मूडी याने एकावर एक दोन पंख असलेल्या हँग ग्लायडरला छोटं इंजिन लावलं आणि सपाट जागेवरून स्वतःच्या पायांनी धावत उडाला. टेकडीची गरज संपली. पुढे चाकं आणि आसन असलेली ट्राइक पंखाखाली टांगली गेली. 1982 मध्ये अमेरिकेने अशा एकआसनी यंत्रांसाठी इंधनाशिवाय 254 पौंड, म्हणजे सुमारे 115 किलो, ही वजनाची मर्यादा घातली. त्या काळातली टू-स्ट्रोक इंजिनं हवेत बंद पडत. म्हणून आजही नवशिक्याला सांगतात, खाली उतरण्याजोगं शेत कायम नजरेत ठेव.

ट्राइकमध्येही हातात डिकन्सनचाच बार असतो. तो पुढे ढकलला की नाक वर जातं, ओढला की खाली. विमानाच्या दांड्याचं नेमकं उलट. त्यामुळे आधी विमान चालवलेल्या शिकाऊवर प्रशिक्षक जास्त लक्ष ठेवतात: घाबरलेल्या क्षणी हात जुनीच सवय आठवतो.