आधी पेपर, मग पेटंट?

“आधी पेपर छापून टाका, पेटंट सावकाश घेता येतं.” वैद्यकीय उपकरणांवर पीएचडी करणाऱ्या मुलांना हा सल्ला वर्षानुवर्षं मिळत आलाय, तोही आपुलकीने. करिअर पेपरांवर अडलेलं असतं, त्यामुळे तो पटतोही.

पण पेटंटची पहिली अट म्हणजे नावीन्य. अर्जाआधी शोध जगासमोर आला की ते संपतं, मग समोर आणणारे तुम्ही स्वतः असलात तरी. पेपरच कशाला, परिषदेतल्या पोस्टरवर सेन्सरचं सर्किट नीट वाचता येत असेल तर तेवढंही पुरतं.

शोध जगासमोर आल्यावरही अर्ज करायला बारा महिन्यांची सवलत असते, असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. भारतीय पेटंट कायदा, १९७० मधलं कलम ३१ स्वतः वाचा: ती सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शनं आणि विद्वत्सभेपुढे वाचलेले किंवा तिच्या वृत्तांतात छापलेले निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. अमेरिकेत वर्षभराची मुभा आहे, युरोपात जवळजवळ नाहीच.

यासाठी पेपर अडवून ठेवावा लागत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पेटंट अर्ज भरा आणि दुसऱ्या दिवशी पेपर पाठवा. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा असतो. मात्र पेपरातला शोधाचा प्रत्येक भाग त्या अर्जात हवा. गाईडसोबत बसा, दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ ताडून बघा.