स्किझोफ्रेनिया : आरंभीच्या अवस्थेतील श्वेतद्रव्य

मेंदूचे निरनिराळे भाग जोडणाऱ्या चेतातंतूंच्या जुडग्यांना श्वेतद्रव्य म्हणतात. मायलिन या मेदयुक्त आवरणामुळे ते पांढरट दिसते. स्किझोफ्रेनिया या भास-भ्रम होणाऱ्या मनोविकाराच्या पहिल्या झटक्याच्या सुमारासच या तंतूंमध्ये सूक्ष्म फरक आढळतात. ते गटांच्या सरासरीतले असून नेहमीच्या एमआरआयमध्ये नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

जोडणीतील बिघाडाची कल्पना जुनी आहे. कार्ल वेर्निके या जर्मन मेंदूतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनोविकृतीचा संबंध साहचर्य-तंतूंच्या (मेंदूच्या बाह्यकातील भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंच्या) विघटनाशी जोडला होता; 1995 मध्ये फ्रिस्टन व फ्रिथ या संशोधकांनी ती नव्या रूपात मांडली. मात्र शवविच्छेदनात हाती येणारे मेंदू बहुधा वृद्ध आणि वर्षानुवर्षे औषधे घेतलेल्या रुग्णांचे असल्याने आरंभीची स्थिती त्यांवरून ठरवणे अवघड होते.

1994 च्या सुमारास पुढे आलेल्या डिफ्यूजन टेन्सर प्रतिमांकनाने ही अडचण बरीचशी दूर केली. पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे कमी. हा दिशाकल 0 ते 1 या अंकाने दर्शवतात. 0 म्हणजे सर्व दिशांना सारखाच प्रसार. 2018 च्या एका आंतरराष्ट्रीय संकलनात 4,322 व्यक्तींच्या प्रतिमा तपासल्या गेल्या. रुग्णगटात 25 पैकी 20 भागांत हा अंक कमी भरला, कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पट्टा) व पुढच्या कोरोना रेडिएटामध्ये (बाह्यकाकडे पंख्यासारख्या पसरणाऱ्या तंतूंमध्ये) विशेष. औषधाच्या मात्रेशी त्याचा ठळक संबंध दिसला नाही. या संकलनात जुने रुग्णही होते, हे विसरून चालणार नाही.

अंक घटला म्हणजे मायलिन झिजले, असा अर्थ सर्रास लावला जातो; तो घाईचा आहे. एकमेकांना छेदणारे तंतू, पेशींबाहेरचे जादा पाणी, इतकेच काय, तपासणीवेळी डोके हलणे, यांनीही तो घटतो. पास्टर्नाक व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये पहिल्या झटक्याच्या रुग्णांत मुक्त पाणी वेगळे काढले. पाण्याची वाढ मेंदूभर पसरलेली, तर प्रत्यक्ष ऊतीतील घट मुख्यतः पुढच्या खंडापुरती आढळली. या जादा पाण्याचे कारण दाह असावे, असे काहींचे मत आहे. पण केवळ प्रतिमेवरून ते सिद्ध होत नाही.

कारणांविषयी विकासात्मक मत, म्हणजे मेंदूच्या वाढीतच बिघाडाचे मूळ असावे हे मत, अधिक पटण्याजोगे वाटते. पुढच्या खंडातील मायलिनीकरण विशीतही चालू असते आणि विकार बहुधा त्याच वयात प्रकटतो. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी हा मायलिनचा आनुवंशिक रोग किशोरवयात उद्भवल्यास मनोविकृतीसारखी लक्षणे दिसू शकतात, हेही याला पूरक आहे.

लक्षणांशी मेळ मात्र नीट बसलेला नाही. आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांच्या आर्क्युएट तंतुजुडग्यात (मेंदूतील भाषेचे भाग जोडणाऱ्या) काही संशोधकांना हा अंक वाढलेला, तर काहींना घटलेला आढळला. रुग्ण व निरोगी यांच्या अंकांची सरमिसळ मोठी असल्याने एकट्या प्रतिमेवरून निदान करता येत नाही.